हाकाईचं उघडं तोंड

सासरी मला पहिल्यांदा खटकली ती पळी.

मी परसात कपडे वाळत घालत होते आणि आत सासूबाईंनी पाण्याच्या मडक्यावर पळी आपटली. मी एवढी दचकले की हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं. मडकं फुटलं असं वाटून धावत आत गेले, तर त्या चुलीशी शांत बसलेल्या. "पीठ संपलंय, डब्यातलं काढ," म्हणाल्या. म्हणजे ती हाक होती.

मग लक्षात येत गेलं. खडशीत मला कोणी हाक मारत नव्हतं. शेजारच्या शेवंताकाकू टाळी वाजवायच्या. निवास, माझा नवरा, पुण्यात कॉलेजात असताना चार इमारतींपलीकडून "रजिताऽऽ" म्हणून ओरडणारा माणूस, तो इथं घसा खाकरायचा. सासूबाईंनी तर उंबरा ओलांडायच्या आधीच बजावलं होतं, "मला आई म्हणू नको. अजून नको." घरातलं ते मडकंही मला विचित्र वाटायचं. त्याला दोन बाजूंना दोन कान होते, उभट गळा होता, आणि बूड निमुळतं. आमच्या सोलापुरात असलं मडकं मी पाहिलं नव्हतं. इथं घरोघरी तेच.

"तुझी हाक व्हायचीय अजून," निवास म्हणाला. "झाली की सगळं नीट होईल."

"आणि नाही झाली तर?"

तो बैलाच्या गळ्यातला कासरा सोडवायला लागला.

गावाच्या मावळतीला पठार एकाएकी संपतं आणि खाली कोकण दिसायला लागतं. तो हाकाईचा कडा. माथ्यावर जुन्या लेण्याच्या दोन अंधाऱ्या खोल्या आहेत, खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि एका तुटक्या उंबराचा बुंधा. उन्हाळ्यात सगळं गाव त्या टाक्यावर जगतं. कड्याच्या पोटात, वरून हात पोचणार नाही आणि खालून शिडी पोचणार नाही अशा जागी, दगडात एक चेहरा कोरलेला आहे. बाईचा. केस कुरळे, कपाळावर लडी लडी सुटलेल्या, नाक सरळ, डोळ्यांत बुबुळं कोरायची राहून गेलेली. आणि तोंड सताड उघडं. आपल्या कुठल्या देवीचं तोंड असं उघडं नसतं. पश्चिमेचा वारा सुटला की त्या तोंडातून घोगरा, लांबट आवाज येतो. मी तो पहिल्या रात्री ऐकला तेव्हा अंथरुणात उठून बसले होते.

तिलाच गाव हाकाई म्हणतं.

बाहेरून आलेल्या सुनेनं पहिल्या वैशाखात तिथं जायचं. चेहऱ्याच्या समोर कड्याचं एक नाकाड पुढं आलेलं आहे, त्यावर एकटीनं उभं राहायचं आणि हाक मारायची. गाव वर टाक्याशी उभं असतं, तिच्याकडे पाठ करून. गावातल्या कुणीतरी बाईनं ओ द्यायची. नवऱ्यानं द्यायची नाही. जी ओ देईल ती त्या सुनेची गावातली आई, तिचं घर हे माहेर. लाडक्या सुनेची हाक पुरी व्हायच्या आत सासू ओ देते आणि सगळे हसत खाली येतात. पण सूर्य बुडेपर्यंत ओ आली नाही, तर ती सून घाटाच्या जुन्या वाटेनं खाली उतरते आणि पुन्हा खडशीचा उंबरा ओलांडत नाही. शेवंताकाकूंनी मला एकीचं नावसुद्धा सांगितलं होतं. "रडत गेली बिचारी," त्या म्हणाल्या आणि वर हसल्या.

निवास म्हणायचा, नाही तर नाही, पुण्याला जाऊन राहू. पण सासूबाईंना त्याच्याशिवाय कुणी नव्हतं आणि त्याला मी ओळखत होते. तो पुण्यात राहिला असता आणि रोज संध्याकाळी मावळतीकडे बघत बसला असता. आणि मी? आमच्या लग्नापासून सोलापूरला अम्मा माझा फोन उचलत नव्हती. घंटी वाजत राहायची आणि बंद व्हायची. आम्ही तेलुगू पद्मशाली, घरात हातमाग. पोरीनं कुठल्या घाटमाथ्यावर जाऊन परक्यात लग्न केलं, याचं दुःख तिनं असं न बोलून दाखवलं. मला कुणीतरी ओ द्यायला हवी होती. कुठूनतरी.

हाकेच्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही वर गेलो. लेणं बघायला आलेली कॉलेजची काही मुलंमुलीही टाक्याशी बसली होती. त्यांना बरंच झालं, कारण हाकेच्या आधी गोष्ट सांगतात आणि ती सांगायचा मान पाथरवटांच्या घराचा. त्या घरात आता एकट्या धुरपाआत्या उरल्या आहेत. काळ्या, उंच, हातात काठी; आणि जीभ अशी की गावातले पुरुष त्यांची वाट चुकवून जातात. मला पहिल्या दिवशी बघून त्या म्हणाल्या होत्या, "ही? हिला तर वाऱ्यानं दार वाजलं तरी घाम फुटंल."

त्या उंबराच्या बुंध्यावर बसल्या आणि पाहुण्यांकडे बघून बोलायला लागल्या.

"ही वाट कशाची, ठावं हाय का? यवनांची. समुद्रापल्याडनं यायचे. आले, बसले, आन् वर आपल्यालाच शिकवाया लागले."

फार जुन्या काळी, असं सांगतात, खाली बंदरात यवनांची, म्हणजे ग्रीकांची, गलबतं लागायची. पावसाळी वाऱ्यावर ती यायची आणि उलट्या वाऱ्यावर परत जायची. माल बैलांवर लादून ते हा घाट चढायचे आणि इथं माथ्यावर मुक्काम करायचे. आधी मुक्काम केला, मग झोपड्या घातल्या, मग दगडी जोती उठली. लेण्यात भिक्खू राहायचे. यवनांनी त्यांना दान दिलं, हे टाकं खोदवून दिलं, आणि खांबावर आपली नावं कोरून घेतली. नावंसुद्धा आपल्यासारखीच घेतली म्हणे.

"द्येव आपला, डोंगर आपला, घाम आपल्या मानसांचा," धुरपाआत्या म्हणाल्या, "आन् नाव त्यांचं. बगा की आत जाऊन, हाय अजून."

"पण टाकं तर त्यांनीच दिलं ना?" पाहुण्यांतली एक मुलगी म्हणाली.

"दिलं. म्हून तर त्यांचा राग जास्त." आत्यांनी काठी आपटली. मी दचकले. त्यांनी ते पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

यवन कुणाला मारायला आले नव्हते. मारायला आले असते तर बरं झालं असतं, असं जुनी माणसं म्हणायची म्हणे. मारणाऱ्याशी भांडता येतं. हे हसत आले. दोन कानांच्या रांजणांतून त्यांनी द्राक्षाचं मद्य आणलं आणि आधी फुकट पाजलं. दोन नळ्यांचा पावा आणला, तो एकाच तोंडानं वाजवायचे. डोंगरउतारावर वेल लावले. वर्षातून एकदा चेहऱ्यावर लाकडी सोंगं चढवून नाच करायचे. त्या सोंगांची तोंडं मोठी उघडी असायची, म्हणजे आतला आवाज लांब जावा. गावातली पोरं ते बघायला जायची. मग पोरांनी तापल्या सळईनं केस कुरळे करून घेतले. कुंभारानं आपल्या गोल बुडाच्या मडक्याला दोन कान लावले, कारण बाजारात तेच खपायला लागलं. आया पोरांना जेवायला हाक मारायच्या आणि पोरं यवनी बोलीत उत्तर द्यायची.

त्या काळी या कड्यावर पाथरवटांचं एक घर होतं. घरात सामा नावाची विधवा आणि तिचा मुलगा नंद. सामाच्या नवऱ्यानं लेण्यातल्या यक्षी घडवल्या होत्या, जाड वेणीच्या, भरल्या ओठांच्या. तो गेला तरी त्याचा हात पोरात उतरला होता. सामाही साधी नव्हती. कड्यावरचं काम दोराचं. एक माणूस दोरानं खाली लोंबकळत दगड घडवतो, दुसरा वर उंबराला बांधलेला दोर सांभाळतो. वरच्याला खालचा दिसत नाही. दोघांमध्ये असते ती फक्त हाक. खालून हाक आली की वरच्यानं ओ द्यायची. वरच्याचा हात भरून आला की त्यानं घरातल्याला हाक मारायची आणि घरातल्यानं हातातलं टाकून धावायचं. भाकरी करपली तरी चालेल, दूध उतू गेलं तरी चालेल. दोराच्या हाकेला ओ आधी. हा पाथरवटांचा नेम होता, आणि सामानं सारं आयुष्य तो पाळला होता.

नंदानं यवनाच्या घरातली मुलगी केली. मेलिता तिचं नाव. तिचा बाप तोच, ज्यानं टाकं दिलं. ती सासरी आली ती अंगावरचं वस्त्र खांद्याशी टाचणीनं टाचून, डोक्यावर कुरळ्यांचा भारा घेऊन. गाव बघायला लोटलं. सामा दारातून आत गेली.

मेलिता आळशी नव्हती, असं सांगतात. ती दोर धरायला शिकली. छिन्न्या ओळखायला शिकली. आपली बोलीही शिकली; अडखळत, चुकत, पण दोराची हाक ती नीट आपल्या बोलीत मारायची आणि सामा ओ द्यायची. तेवढाच काय तो दोघींचा संसार. बाकी घरात भांडीच बोलायची.

"अशी सासू असतीय व्हय?" शेवंताकाकू मागून कुजबुजल्या आणि माझ्या सासूबाईंकडे बघून हसू दाबलं. सासूबाईंनी पदर ओढून घेतला. त्यांची नजर सकाळपासून खालीच होती.

मग जत्रा आली. यवनांनी सोंगांचा नाच केला आणि त्यात एक म्हातारीचं सोंग काढलं. दात पडलेलं, सगळ्यांवर ओरडणारं, कुणाचंच न ऐकणारं. तसं सोंग ते दर वर्षी काढायचे म्हणे, त्यांच्या देशातली जुनी रीत ती. पण त्या वर्षी गावातल्या कुणीतरी "सामा, सामा!" म्हणून आरोळी ठोकली आणि सगळं गाव हसलं. सामानं बघितलं, तर हसणाऱ्यांत नंद होता. आणि मेलितासुद्धा, तिला काय झालं ते धड कळलंही नसेल, सगळे हसले म्हणून ती हसली.

सामा तिथून उठून टाक्याशी आली. ओंजळीत पाणी घेतलं आणि गावादेखत पण केला, "ज्या तोंडातनं माझी बोली येणार नाही, त्या तोंडाला माझी ओ नाही."

लोकांना ते आवडलं. तोपर्यंत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं, पण मनात सगळ्यांच्या होतं. दुसऱ्या दिवसापासून अर्ध्या गावानं तोच पण घेतला. बाजारात यवनांनी हाक मारली की लोक पाठ फिरवायचे. यवनांची मुलं विहिरीत चेंडू पडला म्हणून ओरडायची आणि माणसं शेजारून निघून जायची. त्यात गंमत वाटायला लागली. वाईटपणाला अशी गंमत लागली की मग तो सुटत नाही, धुरपाआत्या म्हणाल्या. आणि हे म्हणताना त्यांनी पाहुण्यांकडे न बघता गावाकडे पाहिलं.

त्याच साली मेलिताच्या बापाला वाटलं, टाक्याचं भरून वाहणारं पाणी वाया जातं. कड्यावर एक चेहरा कोरावा आणि त्याच्या तोंडातून ते खाली वाटेवर पडावं, म्हणजे घाट चढून येणाऱ्याला प्यायला मिळेल. त्यांच्या देशात पाण्याच्या वाटेवर असे चेहरे असायचे म्हणे. काम नंदाकडे आलं. सामा म्हणाली, "कोरायचा तर बापाच्या नमुन्याचा. आपली यक्षी." नंद हो म्हणाला. पण दोरावर वरून काही दिसत नाही, आणि सामानं नाकाडावर जाऊन पाहिलं तेव्हा दगडातून कुरळे केस बाहेर येत होते. पोरगा बायकोचा चेहरा कोरत होता.

सामा तिथूनच मागं फिरली. घरी येऊन छिन्न्यांना धार लावत बसली.

तोंडाची खोबण खणायचं काम चाललं होतं तो दिवस. रात्री अवकाळी पाऊस होऊन गेला होता. गाव खळ्यावर होतं, या पठारावरच, हाकेच्या टप्प्यात. नंद दोरावर खाली. मेलिता उंबराशी. सामा झोपडीपुढं भात्याशी बसून छिन्न्यांना पाणी पाजत होती. उंबराचं मूळ भिजून सैल झालं होतं. ते उपटायला लागलं आणि दोर सरकायला लागला. मेलितानं दोर कमरेला गुंडाळला, खडकाच्या कपारीत पाय रोवले आणि हाक मारली.

हाक आली ती यवनी बोलीत.

सामानं मान वर केली. पुन्हा हाक आली, तशीच. सामाच्या मनात काय आलं ते तिनंच नंतर सांगितलं, म्हणून आजवर चालत आलंय. तिच्या मनात आलं, घाई असेल तर मारील की आपल्या बोलीत. आणि तिनं तापलेली छिन्नी पाण्यात बुडवली. चर्र झालं. त्या चर्र आवाजात तिसरी हाक बुडाली.

खळ्यावर गावानंही ऐकलं. कुणी म्हणालं, "यवनी वरडतीय." कुणी म्हणालं, "वरडू दे, त्यांचा नाच असंल." आणि सगळ्यांनी पाठ फिरवली.

"तिला आपली बोली येत व्हती की!" गर्दीतून शेवंताकाकू म्हणाल्या. त्यांना हे दर वेळी म्हणायचंच असतं, असं मला नंतर कळलं. "रोज मारायची न्हवं आपल्या बोलीत? मग त्या दिशी काय तोंडाला कुलूप लागलं व्हतं?"

"तुला इंचू चावला तर तू मंत्र म्हनशील का आईला बोलावशील?" धुरपाआत्या गरकन वळून म्हणाल्या.

"आईला."

"मग तिनं तिच्या आईला बोलावलं. आता गप ऱ्हा."

असं सांगतात की छिन्नी थंड झाल्यावर सामाला एकाएकी शांतता ऐकू आली. हाक नाही, खालून दगडावर पडणारा घाव नाही. ती उठून आली, तर उंबर आडवा पडलेला आणि कपारीपाशी खडकावर दोर घासल्याची ओली, लाल रेघ, थेट कड्याच्या टोकापर्यंत. मेलितानं दोर सोडला नव्हता. सोडला असता तर ती वाचली असती.

सामा कड्याच्या टोकाला गुडघ्यांवर बसली आणि तिनं ओ दिली. मग देतच राहिली. ओ, ओ, ओ. दिवस मावळला, पुन्हा उगवला, आवाज फुटला, बसला, नाहीसा झाला, तरी तोंड उघडंच. आणि मग, म्हणे, पश्चिमेकडून वारा आला, नंदानं खणलेल्या त्या अर्ध्या खोबणीत शिरला आणि कड्याच्या पोटातून हाक आली. पोराची की सुनेची, ते कुणाला सांगता येईना. लोक म्हणतात ती हाकाई. तेव्हापासून ती हाक थांबलेली नाही.

मेलिताचा बाप आपली माणसं घेऊन वर आला. गाव काठ्या घेऊन उभं राहिलं. वाटलं, आता मारामारी. त्यानं एवढंच विचारलं, आणि तेही गावाच्या बोलीत, "तुमच्यापैकी कोणी ऐकली?" कुणाची काठी वर गेली नाही. ऐकली सगळ्यांनीच होती. त्यानं आपले रांजण कड्यावरून लोटून दिले, वेल उपटले आणि तो आपल्या लोकांसह घाट उतरून गेला. मग बैलांचे तांडे दुसऱ्या घाटानं जायला लागले. बाजार मोडला. भिक्खू गेले. गावाला हवं होतं तसं गाव एकटं राहिलं.

सामा त्यानंतर बोलली ती एकदाच, कुजबुजून. तिनं गावाला घालून दिलं की बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मुलीनं इथं उभं राहावं, तिच्या आईच्या बोलीत हाक मारावी आणि गावानं तिला ओ द्यावी. ज्या दिवशी गाव पाठमोरं होतं तो दिवस विसरू नये म्हणून पाठमोरं उभं राहून द्यावी, पण द्यावी. आणि आपल्या घराला, पुढं त्यात येणाऱ्या भाऊबंदांसकट, तिनं शाप घातला. या घरानं गोष्ट सांगावी. ओ देऊ नये. त्याचा हक्क गेला. या घरातून ओ गेली तर टाकं आटेल.

"तवापासनं आमचं घर मुकं," धुरपाआत्या म्हणाल्या. "मी लगीन हून आले तवा मला ओ मिळाली. पर मी कुनाला दिली न्हाई. माझ्या सुनेलाबी न्हाई. ती ओ शेजारणीनं दिली." त्यांनी काठीचं टोक नाकाडाकडे केलं. "आजही नवी सून आली की ती तिथं उभी ऱ्हाती. आजही हाकाई तिच्या म्होरं तोंड उघडून असती. आन् आजही गाव पाठमोरं असतं. येवढंच ऱ्हायलंय आता. बाकीचं इसरलं."

पाहुण्यांतली मुलगी म्हणाली, "पण आईच्या बोलीत हाक मारायची असेल तर..."

"चला, ऊन उतरलं," शेवंताकाकू म्हणाल्या.

सासूबाईंनी वाटेत मला बाजूला घेतलं. "मराठीत मार हां. नीट, मोठ्यानं. 'ओ द्या गं माय' म्हण. तुझ्या त्या भाषेत नको, लोक हसतील. मला... मला यांच्यातच राहायचंय." एवढं बोलून त्या गर्दीत गेल्या.

मी नाकाडावर गेले. पायांखाली एवढीशी जागा, दोन्हीकडे हवा. समोर ती. जवळून तिचा चेहरा फार तरुण होता, माझ्याएवढाच. उघड्या तोंडात काळोख होता. मी मागं वळून पाहिलं, तर वर टाक्याशी नुसत्या पाठी. पदर, फेटे, टोप्या. निवासची पाठ मला ओळखू आली, मुठी आवळलेल्या. सासूबाईंची पाठ वाकली होती.

"ओ द्या गं माय," मी म्हणाले. आवाज माझ्याच कानापर्यंत पोचला.

पुन्हा म्हणाले, मोठ्यानं. उच्चार नीट केला. कॉलेजात मराठीच्या वक्तृत्वाला मला बक्षीस होतं. पाठी हलल्या नाहीत. कुणीतरी खोकलं, कुणीतरी हसलं. वाट बघितली. सूर्य खाली कोकणातल्या धुक्याला टेकला. मी सासूबाईंच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांचा एक हात वर आला, तोंडापर्यंत गेला आणि तिथंच राहिला. त्या ओ देणार नव्हत्या. त्यांना द्यायची होती आणि त्या देणार नव्हत्या, कारण शेवंताकाकू शेजारी उभ्या होत्या.

तेवढ्यात वारा आला. कड्याच्या पोटातून तो आवाज उठला, माझ्या अगदी समोर, आणि त्याच्याबरोबर हाकाईच्या तोंडातून पाकोळ्यांचा थवाच्या थवा फुटला आणि माझ्या तोंडावर आला. माझा पाय घसरला. गुडघा खडकावर आपटला, हाताला कसल्यातरी खुरट्या झुडपाची मुळी लागली, आणि पायातली चप्पल खाली गेली ती पडल्याचा आवाजच आला नाही.

"अम्माऽऽ!" मी ओरडले. "अम्मा, एवरैना उन्नारा? अम्मा!"

आई, कोणी आहे का? घरात आमच्या रात्री दिवा गेला की आम्ही असंच विचारायचो.

वर निवास वळला असावा, कारण पुरुषांचा आवाज आला, "निवास, थांब! तुला न्हाई द्यायची!" मग कुणीतरी म्हणालं, "काय म्हनाली ती?" कुणी म्हणालं, "तिच्या भाषेत वरडतीय." आणि मग ती शांतता आली. गोष्टीतली. मी ती ओळखली.

मी मान वर केली. सगळ्या पाठी. आणि त्यांच्यात एकच चेहरा, माझ्याकडे वळलेला. काळा, उंच, काठीवर टेकलेला. धुरपाआत्यांनी एकदा टाक्याकडे पाहिलं, त्यातल्या पाण्याकडे, ज्यावर गावाचा उन्हाळा निघतो. त्यांनी काठी टाकून दिली. आयुष्यभर जे तोंड त्यांनी या जागी मिटून ठेवलं होतं, ते हाकाईच्या तोंडासारखं सताड उघडलं.

"ओऽऽऽ!"